बाईंची खूण

इंदिरानगर, नाशिक
९ डिसेंबर २०२५

मनू,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवरूनही हाकललंस. तुझ्या नवऱ्याला, ढुंढिराजांना, फोन लावला तर 'पूजेत आहे' म्हणून ठेवून देतात. अकरा दिवस त्यांची ती एकच पूजा चालली आहे. पोस्टमनला अजून ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

आभाचा हात कसा आहे? प्लास्टर भिजू देऊ नकोस. खाज सुटली की ती आत पेन्सिल घालेल, तिला सवय आहे तशी, लक्ष ठेव.

दवाखान्यात सगळ्यांसमोर तू मला म्हणालीस, "ताई, त्या माणसाच्या रिक्षात तूच बसवलंस तिला." बसवलं. तीन वर्षं तीच रिक्षा होती. झुंबर काका चाळीस पोरं पोचवतो, एकाचंही दप्तर कधी हरवलं नाही. तो असं करील हे मला काय स्वप्न पडणार होतं?

तुझ्या सासरी या गोष्टीला किती फाटे फुटले असतील देव जाणे, म्हणून एकदा सरळ लिहिते. त्या शुक्रवारी, अठ्ठावीस नोव्हेंबरला, शाळा सुटल्यावर मी आभाला वर्गात थांबवून घेतलं होतं. तीन डिसेंबरला दिव्यांग दिनाचा कार्यक्रम होता, शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. आभाने स्टेजवर उभं राहून स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं म्हणायची होती: माझं नाव आभा, मी तिसरीत शिकते. सराव झाला. मी तिला झुंबरच्या रिक्षात बसवलं आणि मीटिंगला गेले. अर्ध्या तासाने स्कूटरवरून घरी निघाले तर आमच्या चौकात मेडिकलसमोर ही गर्दी. रिक्षा आडवी उभी, आभा मागच्या सीटवर हंबरडा फोडतेय, उजवा हात सुजून वांग्यासारखा निळा. बायका तिला विचारत होत्या, कुणी मारलं बाळा, कुणी मारलं? तिने काय केलं हे पन्नास लोकांनी पाहिलं आहे. तिने हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

"बघा, गप्प राहा म्हणून दम दिलाय त्याने!" कुणीतरी ओरडलं. मी पोचले तेव्हा लोक त्याला मारतच होते.

कसं मारलं तेही लिहिते, तुझा जीव थंड होईल. दोघांनी त्याचे केस धरून डोकं मीटरच्या डब्यावर आपटलं. पंक्चरवाल्याच्या दुकानातला पान्हा कुणीतरी आणला आणि त्याचा जबडा मोडला, तो आवाज मला स्कूटरपाशी ऐकू आला. खाली पडल्यावर लाथा. डावा डोळा जागेवर राहिला नाही. रिक्षावर मागे निळं चाक रंगवलेलं आहे, ते बघून एक जण म्हणाला, "त्या वस्तीतला आहे, अजून द्या." पोलीस वीस मिनिटांनी आले. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू?

ठाण्यात आभाच्या खुणा समजणारं कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिच्या मावशी, तुम्हीच तिच्या बाई. ती काय सांगतेय ते तुम्हीच सांगा." तिने पुन्हा तेच केलं, घडी आणि बोट. मी सांगितलं, "रिक्षावाल्याने मारलं आणि गप्प बस म्हणाला, असं म्हणतेय." तसं लिहून घेतलं, खाली मी सही केली. त्या एका कागदावर झुंबर आत आहे.

आता ऐकते की बारा जानेवारीला तिचा जबाब पुन्हा घ्यायचा आदेश आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळेतली निकिता नावाची शिक्षिका दुभाषी म्हणून येणार. मनू, आभाला आणू नकोस. आजारी आहे म्हणून कळव. पोर पुन्हा ते सगळं आठवणार, पुन्हा रडणार. कशासाठी? जे सांगायचं ते मी सांगितलं आहे.

आणि तिला परत वरच्या खोलीत ठेवलंय का, ते लिही. पूजेला यजमान उतरले की तिच्या तोंडून आवाज निघतात म्हणून तुझ्या सासूबाई तिला वर कोंडत होत्या. तीन वर्षांपूर्वी मी त्र्यंबकेश्वरला आले तेव्हा बंद दाराबाहेर तिचं ताट ठेवलेलं होतं, वरणावर माश्या. ते ताट मी उचलून खाली तुमच्या ओसरीत भिंतीवर मारलं होतं, यजमानांसमोर. डाग अजून असेल. त्या दिवशी पोरीला स्कूटरवर घालून मी नाशिकला आणलं आणि माझ्या शाळेत, माझ्या वर्गात बसवलं. हे तू विसरू नकोस. मीही विसरत नाही.

तुझी ताई


इंदिरानगर, नाशिक
१८ डिसेंबर २०२५

मनू,

उत्तर नाही. ठीक. तू लहानपणीही मार खाऊन बोलायची नाहीस. बाबा फूटपट्टी काढायचे, मी घर डोक्यावर घ्यायचे आणि तू हात पुढे करून उभी राहायचीस. मला फटके जास्त बसायचे आणि तुला जास्त लागायचे.

इकडे रोज एक तमाशा आहे. झुंबरची बायको विमलाबाई सोमवारी शाळेच्या फाटकाशी आली. मधली सुट्टी होती. मी रखवालदाराला म्हटलं, बाहेर काढ हिला. ती म्हणाली, "मी भांडाया नाय आले बाई. येक इचारते. त्या पोरीनं माझ्या मालकाचं काय नाव ठेवलं हाय, ठावं हाय ना तुमाला?"

ठाऊक आहे. तुलाही आहे. जुन्या रिक्षाचा रबरी भोंपू दाबल्यासारखी मूठ दाबायची की झुंबर काका. कपाळावर टिकली म्हणजे तू, शेंडीला पीळ म्हणजे तिचे बाबा, डोळ्यांवर दोन गोल म्हणजे चष्मा, म्हणजे मी. प्रत्येक माणसाला तिने एक खूण दिली आहे.

"मंग?" विमलाबाई म्हणाली. "मालकानं मारलं आसतं तर पोरगी भोंपू दाबती का नाय? त्यांचा जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाय. पाटीवर लिवून दावलं त्यांनी मला. तुमचं शाळंतलं नाव काय हाय, तेबी लिवलंय."

मी तिला ढकललं. जोरात ढकललं, ती फाटकाच्या लोखंडावर आपटली आणि कपाळ फुटलं. पोरं बघत होती. मी ओरडले की पोलिसांना बोलावते. ती उठली, पदराने रक्त दाबलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. हाताची घडी, तोंडावर बोट. मधली सुट्टी संपेपर्यंत तशीच. आज चौथा दिवस. रोज सुट्टीला येते, तशीच उभी राहते. रंगनाथ सर म्हणतात, "मूक आंदोलन दिसतंय, बोलू नका तिच्याशी, आपोआप जाईल." मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना सगळंच आपोआप जाईल असं वाटतं.

तू विचारशील, शाळेतलं नाव म्हणजे काय? काही नाही. रिक्षावाल्याचं डोकं. जबड्याबरोबर तेही हललं असेल.

एक सांगून टाकते, तुला दुसरीकडून कळायला नको. त्या दिवशी सरावाच्या वेळी मी आभाला एक-दोन फटके दिले होते. हलके. तुला माझा हात माहीत आहे, आणि तिचा हट्टही. मशीन कानाला लावलेलं असतं, थोडं ऐकू येतं, 'आ-बा' एवढं छान म्हणते, पण जरा अडलं की हात सुरू. मी म्हणते, हात खाली. ती पुन्हा हात. अगं, उद्या जग तिच्या हातांकडे बघणार आहे का? बँकेत, बसमध्ये, सासरी? तोंडाने बोलली तर माणसात राहील, नाहीतर आयुष्यभर वरच्या खोलीत. हे मी तिला शिकवत होते. तुझ्यासाठी शिकवत होते. तिचं बोलणं ऐकायला तुझे कान आसुसलेत, हे तूच मला सांगितलं होतंस.

बाबांची ती पितळी कडेची फूटपट्टी माझ्याचकडे आहे. तुला हवी असेल तर पाठवते. म्हणजे, आठवण म्हणून.

बारा तारखेला आणू नकोस तिला.

ताई


इंदिरानगर, नाशिक
२ जानेवारी २०२६

मनू,

शाळेतून आल्या आल्या लिहायला बसले आहे.

पाचव्या तासाला वर्गात नुसता गोंगाट होता. संक्रांत जवळ आली, पोरं पतंगाशिवाय बोलत नाहीत. मी टेबलावर डस्टर आपटून ओरडले, "हाताची घडी, तोंडावर बोट!" चाळीस पोरं एका क्षणात गप्प झाली, चाळीस घड्या, चाळीस बोटं. सव्वीस वर्षांत मी हे किती वेळा म्हणाले असेन? त्यानंतर जी शांतता पडते ना, तिच्यासारखं सुख मला दुसरं नाही.

पायल म्हणून मुलगी आहे, आभाच्या शेजारी बसायची. तिने ओठांवर बोट दोनदा टेकवलं, ते माझ्याकडे वळवलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून खुदकन हसली. आजूबाजूचीही हसली. मी तिला उभं केलं. काय चाललंय?

"काही नाही बाई. आभा तुम्हाला असंच म्हणते. घडी-बोट. ते तुमचं नाव आहे."

मी म्हटलं, माझी खूण चष्मा आहे.

"तो घरचा, बाई. चष्मा म्हणजे मावशी. मावशी शिरा करते. घडी-बोट म्हणजे शाळेतल्या बाई." आणि मग, मी विचारलं नसताना, "त्या मारतात."

मी विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे? चाळीस हात वर आले. सगळ्यांना. त्यांना आभाच्या सगळ्या खुणा येतात मनू, बाकाखाली हात ठेवून ही पोरं तासन्‌तास तिच्याशी बोलायची. एकाने रंगनाथ सरांची खूण करून दाखवली, हवेत मोठं पोट. मी तिला तीन वर्षं तोंडाने बोलायला शिकवत होते आणि माझ्या पाठीमागे अख्खा वर्ग हातांनी बोलायला शिकला. मला पत्ता नाही.

"पोलिसांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"ते ऑफिसात चहा पिऊन गेले. आम्हाला कुणी विचारलंच नाही."

माझा हात वर गेला. पायलला मारायला. का, ते मला सांगता येणार नाही. तिने डोळे मिटले आणि गाल जरा पुढे केला, म्हणजे लवकर उरकेल. आठ वर्षांची पोर. माझ्या वर्गात मुलं हेही शिकली आहेत.

मी हात खाली घेतला आणि बाहेर पळाले. फाटकाबाहेर विमलाबाई उभी होती, घडी घालून, बोट ठेवून. ती आंदोलन करत नव्हती. ती रोज येऊन माझं नाव घेत होती.

उरलेलं आज लिहवत नाही.

ताई


इंदिरानगर, नाशिक
४ जानेवारी २०२६, रविवार

मनू,

आता काही लपवत नाही. शेवटपर्यंत वाच, मग माझं काय करायचं ते कर.

मी नऊ तारखेच्या पत्रात खोटं लिहिलं, अठराच्या पत्रात थोडं कमी खोटं लिहिलं. पायलच्या वर्गाला सगळं माहीत आहे म्हटल्यावर आज ना उद्या बाहेर येणारच, हेही माझ्या डोक्यात आहे. मी फार मोठी झाले म्हणून हे लिहिते असं समजू नकोस.

आभाची बोटं मी मोडली.

वर्गात आम्ही दोघीच होतो. पाऊण तास झाला होता. 'माझं नाव' इथेच गाडी अडत होती. हात उचलला की मी पट्टी मारायचे, आधी चपटी, मग जोरात. तिला मी हाताची घडी घालून उभं केलं होतं, म्हणजे हात अडकून राहतील आणि तोंड उघडेल. ती घामाने भिजली होती, पायावर पाय घासत होती. मग तिने घडीतून उजवा हात सोडवला आणि करंगळी वर केली.

करंगळी, मनू. तू-मी शाळेत असल्यापासून अख्ख्या महाराष्ट्रात पोर करंगळी दाखवतं आणि बाई मान हलवतात. तोंडाने शू म्हणायला लाज वाटते म्हणून सगळ्या ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या पोरांसाठी ठेवलेली खूण आहे ती. शाळेत हाताने बोलायची एवढी एकच मुभा आहे, आणि ती तिला माहीत होती. ती नियमाने वागत होती.

मला कळलं होतं. म्हणजे, न कळून मारलं नाही मी. मी म्हणाले, "तोंडाने सांग." तिने माझे ओठ बघितले आणि करंगळी आणखी उंच केली, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. मी बाबांची पट्टी आडवी धरली, पितळी कड पुढे, आणि त्या बोटावर मारली. टेबलाच्या कडेवर तिचा हात दाबून पुन्हा मारली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आवाज झाला. ती ओरडली तो शब्द नव्हता, पण एवढा मोठा आवाज तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, आणि देवा, माझ्या मनात पहिला विचार आला की बघ, आवाज आहे हिला.

ती जागेवरच ओली झाली. फरशी मी तिलाच पुसायला लावली. डाव्या हाताने.

रिक्षापाशी झुंबर म्हणाला, "बाई, हिचा हात लय सुजलाय." मी म्हटलं, पडली, घरी जाऊन बर्फ लावते. त्याने ऐकलं नाही. तिला घेऊन मेडिकलवर गेला, दवाखाना कुठला उघडा असेल ते विचारायला उतरला, आणि रडणारी पोर नि परका पुरुष बघून बायका जमल्या.

मी पोचले तेव्हा कुणी त्याला हात लावलेला नव्हता. हेच खरं आहे. लोक नुसते विचारत होते. आभाने मला गर्दीत बघितलं आणि घडी घातली, सुजलेला हात छातीशी धरून, आणि डावं बोट ओठांवर ठेवून माझ्याकडे वळवलं. पन्नास माणसांपुढे तिने माझं नाव घेतलं. झुंबरला ते समजलं. त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. "आल्या बाई," तो म्हणाला. "बाई, तुमीच सांगा यास्नी. पोरगी तुमचंच..."

मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. पहिला वार माझा. "गप्प बसायला सांगतोस पोरीला?" असं ओरडणारीही मीच. 'कुणीतरी ओरडलं' असं तुला लिहिलं होतं ना, ते कुणीतरी मी. लोक एक क्षण थांबले. बाई आहेत, तिची मावशी आहे, त्यांना माहीत असणारच. मग सगळे तुटून पडले. मोबाईलवर त्या मारहाणीचा व्हिडिओ फिरतो आहे, तो माझ्या चपलेनंतर सुरू होतो.

तो खाली पडला तरी हात करत होता मनू. तोंड रक्ताने भरलेलं, जबडा लोंबणारा, आणि तो जमिनीवरून आभाकडे बघून मूठ दाबत होता. भोंपू, भोंपू. घाबरू नको, काका आहे, असं. कुणीतरी त्या मुठीवर पाय दिला.

ठाण्यात ती पुन्हा माझं नाव घेत होती आणि मी तिच्याशेजारी बसून ते झुंबरचं करून सांगत होते. ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी काय बोलतेय हे तिला कळलं असेल का, हा विचार मला रोज छळतो.

तिने चष्मा का केला नाही, हे मला काल रात्रीपर्यंत उमगत नव्हतं. चष्मा केला असता तर तुलाही कळलं असतं, सगळ्यांना कळलं असतं. तिने मावशीला वाचवलं. तिच्या लेखी शिरा करणारी एक आहे आणि मारणारी दुसरी. तिने त्या दोघींना एकमेकींत मिसळू दिलं नाही. तेवढं चांगलं माझ्याशी याआधी कुणी वागलं नव्हतं.

उद्या सोमवार. आधी हे पत्र टाकते, मग शाळेत राजीनामा, मग पट्टी पिशवीत घालून ठाण्यात. झुंबरला ज्यांनी मारलं त्यांतल्या एकाचंही नाव आजवर कुणी सांगितलेलं नाही. मला अकरा माहीत आहेत, सगळी आमच्याच गल्लीतली. पहिलं माझं लिहून देणार आहे.

दोन मागण्या. मागायचं तोंड नाही, तरी मागते. आभाला वरच्या खोलीत टाकू नकोस. तुझ्या घरचे म्हणतील, बघा, शाळेत घातली आणि हात मोडून घेतला. शाळेने नाही मोडला, मी मोडला. त्या वर्गातली चाळीस पोरं तिची आहेत. ती तिची वाट बघताहेत, पायलने तिच्या जागेवर अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

दुसरी. माझा एक फोटो तिला दाखव आणि विचार, ही कोण? चष्मा केला तर मला कळव. घडी घातली तरी कळव.

लतिका


त्र्यंबकेश्वर
२९ जानेवारी २०२६

ताई,

एवढंच पत्र लिहीन. उत्तर पाठवू नकोस.

तुझं चौथं पत्र मी ओसरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सासूबाई मध्येच उठून गेल्या. हे म्हणाले, "झालं, आता पोर घरीच राहील." मी वरच्या खोलीचं कुलूप आणलं आणि यांच्या पूजेच्या ताटात टाकलं. किल्ली विहिरीत. मलाही हात उचलता येतो हे मला माहीत नव्हतं, पण त्या दिवशी यांनी दार अडवलं तेव्हा मी यांना मारलं. आपण दोघी एकाच बापाच्या आहोत.

बारा तारखेला आभाने जबाब दिला. निकिता मॅडम तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या होत्या. दोन तास लागले. प्लास्टर निघालं आहे, करंगळी वाकडी जुळली आहे, ती आता सरळ होणार नाही. काही खुणा तिला पूर्वीसारख्या जमत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "तोतरं बोलल्यासारखं होईल, पण समजेल."

झुंबर काकांना जामीन झाला. तू ठाण्यात लिहून दिलेल्या कबुलीमुळे झाला, हे मी नाकारत नाही. मी आभाला घेऊन त्यांच्या घरी गेले. एका डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे ती आधी बिचकली. मग त्यांनी मूठ दाबली. ती एवढ्या जोरात त्यांच्या अंगावर गेली की ते बरगड्या धरून खाली बसले. विमलाबाईंनी मला चहा दिला आणि सांगितलं, "तुमच्या बहिणीला सांगा, मी आता फाटकावर येत नाय. पन मला तिचं तोंड दावू नगा."

एकोणीस तारखेपासून आभा शाळेत जाते आहे, त्याच वर्गात. मी नाशिकला खोली घेतली आहे. नव्या बाईंना मी एकच अट घातली, या वर्गात घडी घालायची नाही. रंगनाथ सर म्हणाले, गोंगाट होईल. मी म्हटलं, होऊ दे. संध्याकाळी पायल येते आणि मला शिकवते. मी फार हळू शिकते, ती माझ्यावर चिडते.

फोटोचं. तू सांगितलंस तसं केलं. आपला दोघींचा, माझ्या लग्नातला फोटो घेतला. माझ्यावर बोट ठेवलं, तिने कपाळावर टिकली केली. मग तुझ्यावर ठेवलं. ही कोण?

तिने चष्मा केला नाही, घडीही घातली नाही. तिने दोन्ही हात मागे नेले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले. मी पुन्हा विचारलं, तर फोटोतल्या तुझ्या हातांकडे बघत राहिली. बराच वेळ. मी फोटो पालथा घातल्यावरच तिने हात पुढे घेतले.

तर ताई, तुला आमच्याकडे सध्या नाव नाही.

मृण्मयी